बाटलीवर लिहावंच लागतं

दवाखान्यात माझ्या अक्काला सगळं जग 'सिस्टर' म्हणतं. सख्खा भाऊ मी एकटा, आणि मी मात्र 'अक्का' म्हणतो. दवाखान्याच्या फाटकावर एक मोठा बोर्ड आहे, त्यावर ती हसतेय. शेजारी लिहिलंय, 'परिचारिका पाहिजेत. पगार चाळीस हजारांपर्यंत.' फोटो ओळखपत्रासाठी म्हणून काढला होता. तो बोर्डावर चढल्याचं तिला समोरच्या औषधवाल्याकडून कळलं.

असलीच जाहिरात वाचून सहा वर्षांपूर्वी ती इथे लागली होती. पहिला पगार हातात आल्यावर तिने मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, "सिस्टर, 'पर्यंत' लिहिलंय. वाचता येतं ना?"

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द वेगळाच झालाय. आई विचारते, "घरी कधी येशील?" अक्का म्हणते, "आठपर्यंत."

"म्हणजे नक्की कधी गं?"

"ते मॅनेजरला विचार."

परवा सकाळी वॉर्डात एक नवी मुलगी आली. चालू नोकरी सोडून आलेली. हातात मूळ प्रमाणपत्रांचं पाकीट. ड्यूटी संपली की ते मॅनेजरकडे जमा करून करारावर सही करायची होती. एकदा जमा झालं की दोन वर्षं परत मिळत नाही. पगाराचा आकडा? तो नंतर कळवतात.

"बोर्डावरचा तुमचा फोटो बघून आले, सिस्टर," ती म्हणाली. "म्हटलं, ही बाई एवढी हसतेय म्हणजे पगार नीट मिळत असणार."

अक्काचं तोंडच उतरलं. कपडे बदलायच्या खोलीत नोटीस आहे : पगाराची चर्चा करणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल. सहा वर्षं एकाच टेबलावर डबा खाऊनही कुणाला कुणाचा पगार माहीत नव्हता.

दुपारी हँडओव्हर सुरू झाला. जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेपाशी उभं राहून सगळं मोठ्याने सांगायचं. ताप किती, कुठलं औषध राहिलं, काय चुकलं. लपवलं तर मेमो. शेवटच्या खाटेचं सांगून झालं, तरी अक्का जागची हलली नाही.

"आता माझं. नोकरी सहा वर्षं. हातात एकवीस हजार. कधीही चाळीस नाही."

नवी मुलगी बघतच राहिली. तेवढ्यात हँडओव्हर घ्यायला आलेल्या सगळ्यात जुन्या सिस्टर पुटपुटल्या, "अकरा वर्षं. माझे एकोणीस."

"काय?" अक्का ओरडलीच. "तुम्ही मला इंजेक्शन द्यायला शिकवलंत, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा कमी?"

"मला वाटायचं, तुला पंधराच देतात. म्हणून कधी विचारलं नाही. तुलाच वाईट वाटेल म्हणून."

खाटेवरचे आजोबा उठून बसले. "अहो, मग माझ्या बिलात नर्सिंगचे एवढे कसले लावलेत?"

मुलीने पाकीट पिशवीत टाकलं आणि चेन ओढली.

मॅनेजरचं बोलावणं आलंच. "पगार गोपनीय असतो, सिस्टर. नोकरी जाईल."

"काढा. उद्या सकाळी वॉर्डात कोण उभं राहणार, तेवढं ठरवून काढा. आणि आधी माझा फोटो उतरवा. तुमच्या आकड्याला माझं तोंड जामीन नाही."

"बोर्ड छापायला खर्च येतो."

"बरं. मग दुरुस्त तरी करते."

मी तिला न्यायला आलो होतो. तिने माझी स्कूटर बोर्डाखाली उभी करायला लावली. "हलवलीस तर याद राख," म्हणाली आणि चप्पल काढून सीटवर चढली. खिशातून चिकटपट्टी काढली. सलाइनमध्ये काय मिसळलं ते लिहून बाटलीवर लावतात, तीच.

"अक्का, लोक बघतायत."

"त्यासाठीच तर भरदिवसा चढलेय. आत काय आहे ते बाटलीवर लिहावंच लागतं. नाहीतर माणूस मरतो."

तिने 'चाळीस हजारांपर्यंत'वर पट्टी ओढून घट्ट दाबली आणि ठळक अक्षरांत लिहिलं : 'मला एकवीस.' मग सलाइनच्या बाटलीवर करते तशी खाली तारीख घातली, सही केली.

वाकून बघितलं, तर जुन्या सिस्टर खाली उभ्या होत्या. चप्पल काढून.

"उतर आता," त्या म्हणाल्या. "पेन दे. आणि भाऊ, स्कूटर नीट धर रे, माझं वजन जास्त आहे."