सात-अ

पितळी पाट्या कोरणाऱ्या बाईंना सगळी गल्ली 'पाटीबाई' म्हणायची. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचीच छिन्नी-हातोडी उचलली आणि दुकान चालू ठेवलं. दारांवरचे नंबर हे त्यांचं मुख्य काम. त्यामुळे कोण कुठल्या आकड्याला भितं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लॉजवाल्याला तेरा नको, बारानंतर थेट चौदा. परदेशातून आलेल्या खाणावळवाल्याला चार नको, कारण त्याच्या भाषेत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार जवळजवळ सारखाच. आठ मात्र त्याला हवाहवासा, भरभराटीचा.

"आमच्याकडे आठ म्हणजे कपाळाला आठी," पाटीबाई त्याला म्हणाल्या आणि तो गेल्यावर पोट धरून हसल्या.

हे हसणं दुकानापुरतं होतं. नवरा गेला तो आठ तारखेला. मुलगी आठ वर्षांची असताना जिन्यावरून पडली, हात मोडून घेतला. तेव्हापासून त्यांनी आठाचा धसकाच घेतला होता. आणि मुलीने भाड्याने खोली घेतली ती नेमकी आठ नंबरची.

"दुसरी बघ."

"आई, आठवड्यातही आठ आहे. मग काय, आठवडा सोडून नुसता महिना जगू?"

"तुला सगळीच थट्टा."

"आणि तू गिऱ्हाइकांना हसतेस ते गं?"

पाटीबाई पुन्हा कोरायला बसल्या. पण दोन दिवसांनी, मुलगी कामावर गेलेली पाहून, त्यांनी तिच्या दारावरची पाटी उतरवली आणि स्वतः कोरलेली बसवली : 'सात-अ'. अक्षरांत काळी लाख इतकी सुबक भरली होती की मुलीला रागाबरोबर हसूही आलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुला तेवढीच शांत झोप."

फोन घराघरांत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. मुलीने दूरच्या शहरातल्या एका काचकारखान्याच्या प्रयोगशाळेत अर्ज केला होता. पत्ता दिला होता तो खरा, आठ नंबरचा. नेहमीचा पोस्टमन रजेवर गेला. बदलीचा पोस्टमन जिना चढून आला, त्याने सात, सात-अ, नऊ अशी दारं वाचली आणि कारखान्याकडून आलेल्या पाकिटावर 'या नंबरचे घर नाही' असा शेरा मारला. महिनाभर वाट पाहून मुलगी स्वतःच कारखान्यात चौकशीला गेली, तेव्हा कारकुनाने ते परत आलेलं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. रुजू होण्याची मुदत टळून गेली होती. जागा भरली होती.

ती थेट दुकानात आली. पाटीबाईंनी शेरा दोनदा वाचला.

"मी येते तिथे. चूक माझी आहे म्हणून सांगते."

"कोणाला सांगणार, आई? आणि काय?"

तिने आरडाओरडा केला असता तर पाटीबाईंनी सोसला असता. तिने नुसतं पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. संध्याकाळी पाटीबाई आठाची पाटी घेऊन तिच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"लाव हवी तर," मुलगी म्हणाली. "आता कुठलं पत्र यायचं राहिलंय?"

पुढे ती एका शाळेत शिकवू लागली. आईला तिने कधी बोल लावला नाही. वर्षं गेली. पाटीबाईंकडे आजही कोणी आकडा बदलून मागायला आलं, की त्या छिन्नी खाली ठेवून विचारतात, "तुमच्या घरी पत्रं कोणाच्या नावाने येतात?" गिऱ्हाइकाला वाटतं, बाईंना उगाच चौकशा.