सात आठे चोपन्न

भाजीवाल्याने वरचं वांगं दिलं की मी तळातलं मागतो. स्वभावच तसा. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात डोक्याला दुपट्टे गुंडाळून जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि मॅडम पिपरी मेघेतल्या आमच्या घरी आले, तेव्हा पाणी विचारण्याआधीच मी मनात म्हटलं, आले पट भरायला. पोरं कमी झाली की मास्तरांची बदली होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"पोरीले आमच्याकडे टाका न," मॅडम म्हणाल्या.

"तुमची पोरगी कोन्या शाळेत आहे?" मी विचारलं.

गुरुजी पंख्याकडे पाहू लागले. मॅडम मात्र सरळ म्हणाल्या, "कॉन्व्हेंटले. घरचे ऐकत नाईत. तुम्ही येऊन पाहून जा, कधीबी."

खरं बोलणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो. पुढचं खोटं पचावं म्हणून आधी एक खरं देतात.

ते गेल्यावर बायकोने सुरू केलं. आमची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत होती. "पोरगी घुमी होऊन राह्यली. पाठ केलेलं तेवढं बोलते. जाऊन तर या! तुमाले सगळेच चोर दिसते."

मला धास्ती वेगळीच होती. आमच्या लेआउटमधल्या घराघरांतली पोरं कॉन्व्हेंटला जातात. माझ्या एका निर्णयाने हिचंच वाटोळं झालं तर?

शनिवारी न सांगता गेलो. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. आवारात खिचडीला फोडणी पडली होती, आणि तिसरीच्या वर्गात त्याच मॅडम पाढे घेत होत्या. पोरं धडाधड म्हणत होती. मला वाटलं, नक्की मला फाटकातून येताना पाहिलंय आणि हुशार पोरं पुढे बसवलीत. म्हणून मी परवानगी घेतली आणि शेवटच्या ओळीतल्या एका मुलीला मुद्दाम चुकीचं विचारलं, "सात आठे चोपन्न, बरोबर न?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसली. "काका, चुकलं तुमचं! छप्पन!"

मग अख्खा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, कोणी कोणाला दटावलं नाही. मी फणफणत बाहेर पडलो. मोठ्या माणसाला हसतात, हेच का वळण? घरी सांगायला कारण मिळालं, म्हणून बरंही वाटलं.

संध्याकाळी आमची मुलगी ओट्यावर पाढे म्हणत होती. सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स. एकही चूक नाही. मी कौतुकाने जवळ बसलो आणि म्हटलं, "सात आठे चोपन्न, बरोबर न बेटा?"

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो पप्पा."

"अगं, आत्ता तर तू फिफ्टी सिक्स म्हणालीस!"

"हो. पण तुम्ही चोपन्न म्हटलं न."

हे तिला शाळेने शिकवलं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ती टीचरच्या नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

सोमवारी मी तिला घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मॅडमना पटच वाढवायचा होता, असं मला अजूनही वाटतं. वाढू दे. माझी पोरगी मला एकदा तरी चूक म्हणू दे.