बंदूक नाही म्हणायचं

आधीच माफी मागते. माझं मराठी स्वयंपाकघरातलं. आईनं पोळ्या लाटता लाटता शिकवलं तेवढंच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिणं हे आपलं काम आहे असं अजून मनाला पटत नाही. पण मंडळाच्या अंकासाठी ओळखीच्या एखाद्या माणसाविषयी लिही म्हणाले, आणि मला आमच्या प्लेनो गावातला एकच माणूस आठवला. चुकीच्या नावाचा एवढा त्रास अख्ख्या टेक्सासमध्ये दुसऱ्या कुणाला होत नसेल, हे मात्र त्या काकांविषयी मी छातीठोकपणे सांगू शकते.

काका माझे नात्यातले नव्हेत. आई त्यांच्या घरी पोळ्या पोचवायची, मी बरोबर जायची, एवढीच ओळख. मूळचे नागपूरचे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून रिटायर होऊन मुलगा-सुनेकडे राहायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेलेल्या माणसाला घरी बसवलं की काय होतं, ते त्या घरानं पाहिलं. शेवटी कंटाळून मुलानं त्यांना एकदा जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनाला नेलं. तिथे एका टेबलावर जाड नळीची तीन वेगवेगळी पिस्तुलं मांडलेली आणि तिन्हींपुढे एकच कार्ड, ‘जर्मन गन’. काका घरी आले ते तापलेलेच. “तीन वस्तू, एक नाव! माझ्या टीममधल्या पोरानं असं केलं असतं तर मी रिलीज थांबवली असती.” मग ते वाचायला बसले ते उठलेच नाहीत. ही पिस्तुलं माणसावर झाडायची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक त्यांतून आकाशात लाल, हिरवा, पांढरा उजेड सोडून एकमेकांना इशारे द्यायचे. म्हणून कुणी बंदूक म्हटलं की किडक्या दाताला गार पाणी लागावं तसा काकांचा चेहरा व्हायचा. “बंदूक नाही म्हणायचं, बेटा. लॉइख्टपिस्टोल. उजेडाचं पिस्तूल.”

त्यांनी स्वतः एकही विकत घेतलं नाही. त्यांना फक्त प्रत्येकाला त्याचं नाव मिळायला हवं होतं. दर प्रदर्शनाला ते सुनेचा स्वयंपाकाचा वजनकाटा आणि फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट घेऊन निघत. “बाबा, परत माझा गणपती नेलात?” अशी वहिनींची हाक गॅरेजपर्यंत यायची. गणपती चिकटला तर पोलाद. नाही चिकटला आणि हाताला हलकं लागलं तर अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे आधीचं. जड लागलं तर जस्त, म्हणजे युद्धाच्या शेवटाकडचं, कारण तेव्हा अ‍ॅल्युमिनियम विमानांनाच पुरत नव्हतं. दोन नळ्यांचं क्वचितच दिसायचं, आणि दिसलं की काका नुसते हात जोडत. एका दाढीवाल्या दुकानदारानं वैतागून विचारलं, “सर, आर यू बाइंग ऑर टीचिंग?” “टीचिंग,” काका शांतपणे म्हणाले आणि स्वतःच्या पेनानं त्याचं कार्ड दुरुस्त केलं.

त्या पिस्तुलांच्या काडतुसांना कडेला खाचा असत, अंधारात बोट फिरवून रंग कळावा म्हणून. हे वाचल्यावर काकांनी कानस आणून घरातल्या मसाल्याच्या सगळ्या डब्यांच्या झाकणांना तशाच खाचा पाडल्या. “इथे लाइट जातात कुठे, बाबा?” वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या. आणि त्या हिवाळ्यात, बर्फ पडून सगळं प्लेनो गोठलं तेव्हा, खरंच लाइट गेले. काकांनी मिट्ट काळोखात सगळ्यांना मसाल्याचा चहा करून पाजला. तिखट पडलं नाही. मला कॉलेजात मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवता येईना तेव्हाही त्यांनी पिस्तुलांचाच नियम सांगितला, “हातात घे, वजन बघ, मग नाव दे. घाई कोणाला आहे?”

त्यांच्या समोरच्या घरात एक अमेरिकन आजी एकट्या राहायच्या. एका दुपारी मी पोळ्या द्यायला गेले असताना त्या टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. लॉइख्टपिस्टोल! “माझ्या वडिलांनी युद्धात जर्मन पाणबुडीच्या कॅप्टनकडून हे काढून घेतलं,” त्या म्हणाल्या. “बरोबर ना?” काकांनी ते उलटसुलट केलं. नळीवरच्या एका शिक्क्यापाशी त्यांचा अंगठा थांबला. तो शिक्का आता मलाही ओळखता येत होता. युद्ध संपल्यानंतरच्या जर्मन तपासणीचा. पाणबुडी, कॅप्टन, काहीच शक्य नव्हतं. मी काकांच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. काकांनी टॉवेल हळूच परत गुंडाळला. “ब्यूटिफुल,” ते म्हणाले. “युवर फादर टुक गुड केअर ऑफ इट.” आजींनी त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं, हसल्या आणि गेल्या.

“काका, तो शिक्का...”

“पाहिला मी.”

त्यानंतर काका प्रदर्शनाला गेले नाहीत. गणपती फ्रिजवरच राहिला. मुलानं तिकिटं काढली, तर कॅन्सल करायला लावली. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, “आता कोणत्या तोंडानं लोकांची कार्डं खोडू, बेटा? मीच खोटं नाव पास करून बसलो.” खरं सांगायला ते कितीदा तरी समोर गेले आणि हवापाण्याचं बोलून परत आले. मग आजी ओहायोला लेकीकडे राहायला गेल्या. वर्षभरात काकाही नागपूरला परतले. फोनवर उन्हाचं बोलायचे, संत्र्यांचं बोलायचे. पिस्तुलांचं मी काढलं तर म्हणायचे, “सोडून दिलं ते.”

या सुट्टीत मी घरी आले होते तेव्हा आजींची लेक ते घर विकायला आली होती. तिनं मला वहिनींच्या दारात पाहून विचारलं, ते मॅग्नेटवाले गृहस्थ कुठे असतात? मग हसत हसत सांगू लागली. तिचे आजोबा युद्धभर कॅन्सासच्या छावणीत पाव भाजत होते. ते पिस्तूल त्यांनी पुष्कळ नंतर जुन्या बाजारात घेतलं आणि पाणबुडीची गोष्ट मुलांसाठी रचली. तिच्या आईला हे मोठेपणीच कळलं होतं. “आई आता बरंचसं विसरते. पण त्या दिवसाचं अजून सांगते. म्हणते, हा माणूस सगळ्या टेक्सासच्या चुका काढतो, माझ्या डॅडींना मात्र त्यानं सोडलं.”

मी लगेच नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. “काका, त्या आजींना सगळं माहीत होतं! त्यांच्या वडिलांच्या त्या बंदुकीचं...” आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग काकांनी घसा खाकरला.

“बंदूक नाही म्हणायचं, बेटा.”