काठ न सोडलेलं पाणी

वृत्तसंपादकाच्या टेबलावर संध्याकाळी तारांचा गठ्ठा येतो. त्यात बातमीच्या तारा असतात, क्वचित एखादी खासगी तार चुकून मिसळते. गेल्या महिन्यात तशीच एक आली. मी ती बातमी समजून फोडली आणि मथळ्याच्या दृष्टीने वाचली. मजकूर एवढाच होता : भाई गेला. पाठवणाऱ्याचं नाव सुमती. मग ध्यानात आलं की ही छापायची तार नव्हे... सुमती म्हणजे भाईची बायको, सुमतीवहिनी. भाई, म्हणजे प्रा. भालचंद्र राणे, तालुक्याच्या गावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे माझे मित्र, वर्गात शिकवता शिकवता कोसळले होते. पन्नाशीही गाठली नव्हती.

कॉलेज निघालं तेव्हा मी त्याच गावात एका मुंबईच्या दैनिकाचा वार्ताहर होतो. माझ्याकडे इंग्रजी टंकयंत्र होतं आणि मुंबईचे पेपर येत. पावसाळ्यात आगबोट बंद झाली की ते एस.टी.ने, शिळे होऊन, भिजून येत. भाई ते पहिल्या पानापासून वाचत नसे. आतल्या पानांवर, निविदा आणि हरवलेल्या माणसांच्या मधे, संशोधनाला साहाय्य देणाऱ्या संस्थांच्या बारीक अक्षरातल्या जाहिराती येत. त्यांवर त्याचं बोट फिरे. बहुतेक जाहिराती हाती पडेपर्यंत मुदत उलटलेली असे. "मेलां, ह्या पण गेला," असं म्हणून तो पेपर घडी घालून ठेवी आणि दुसरा उघडी.

त्याची घाई उगाच नव्हती. कॉलेजात विज्ञानाचे पहिले दोनच वर्ग होते. पदवीचा वर्ग हवा असेल तर शिक्षकाचं चालू संशोधन आणि निदान एक धड सूक्ष्मदर्शक दाखवा, असं विद्यापीठाने कळवलं होतं. होता तो सूक्ष्मदर्शक कुणीतरी देणगी दिलेला, धुरकट काचेचा. पदवीचा वर्ग नाही म्हणून दरवर्षी चांगली मुलं कोल्हापूरला किंवा मुंबईला जात, ज्यांना जाणं जमत नसे ती विज्ञान सोडत. मुलींच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. वर्गात पहिली येणारी मुलगी पुढच्या वर्षी लग्नाच्या आमंत्रणातून भेटे. भाई असल्या लग्नांना जाई, जेवे आणि परत आला की पुन्हा जाहिराती चाळी.

शेवटी मुदत न उलटलेली एक जाहिरात सापडली. गोड्या पाण्यातल्या शेवाळांवर काम करणाऱ्याला दिल्लीहून अनुदान, यंत्रसामग्रीसुद्धा, मिळणार होतं. भाईच्या मनात जागा आधीच ठरलेली होती. त्याच्या आजोळच्या गावी डोंगराच्या कुशीत, देवळाला लागून, देवीचं तळं होतं, बारमाही, नितळ. त्यावर आजवर कुणी काम केलेलं नव्हतं. मी अर्ज टंकायला बसलो. जागेच्या मालकाची संमती जोडावी, असं एक कलम अर्जात होतं. त्यापाशी आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो. तात्या गावकर हे तिथले मुख्य मानकरी. त्यांनी पान लावलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाई, तुमी आमचेच. पण तळा काय आमचा न्हय, आईचा. आईक इचारूक व्हया."

"इचारा. माझी काय हरकत?" भाई म्हणाला. देवळाच्या पायऱ्या चढताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "दगड ओलो, फूल ओला. खंयतरी पडतलाच मां? निम्मी संधी आसा."

गुरवाने कौलासाठी देवीच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवल्या : उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. तळ्याचं पाणी तपासायला कॉलेजात न्यायचं आहे, न्यावं की नाही, असा प्रश्न होता. पाकळी लगेच पडली, डावीकडे.

"आई नाय म्हणता, भाई," तात्या म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं, आनंदही नव्हता.

मुदत जवळ येत होती. घाटात दरडी कोसळायला सुरुवात झाली होती आणि टपाल कधी पोचेल याचा भरवसा पोस्टमास्तरही देत नव्हते. प्राचार्य व्यवहारी माणूस होते. त्यांनी भाईला खोलीत बोलावलं. अर्ज मी टंकत होतो, म्हणून सोबत होतो. "राणे, दिल्लीहून कोण तुमचं तळं बघायला येणार आहे? संमती आहे, असं लिहा आणि पाठवून द्या."

"लिहिता येईल, सर. पण मी पहिली बाटली भरली की गावाला कळणार."

"मग पहाटे भरा."

भाईने अर्जाचे कागद गोळा केले. बाहेर आल्यावर म्हणाला, "देवीक मी मानणय नाय रे. पण त्या गावातल्या माणसांका मानतंय. त्येंका फसवून वर्गात काय शिकवू?" त्या आठवड्यात तो नीट जेवला नाही, असं सुमतीवहिनी नंतर म्हणाल्या. रोज सकाळी तो पोस्टात जाई, घाट चालू आहे का विचारी आणि परत येई... पाठवायला अर्ज तयार नव्हता, तरी.

पुन्हा एकदा तो त्या गावी गेला, या वेळी कौल लावायला नव्हे, नुसता बसायला. तळ्याच्या पायरीवर कपडे धुणाऱ्या एका बाईने त्याला ओळखलं आणि हात न थांबवता म्हटलं, "काय ओ मास्तरानु, आज बाटलेतसून व्हरतलास, फाल्या पायपातसून व्हरतलास!" बाकीच्या हसल्या. भाईला त्या हसण्यामागची गोष्ट हळूहळू कळत गेली. तालुक्याच्या गावाला नळ आणायचे बेत चालू होते. कॉलेजचा माणूस पाणी तपासतो म्हणजे मागून सरकार येणार आणि तळं पाइपात घालून नेणार, अशी बोलवा वाडीवाडीत होती. खाली त्याच पाण्यावर भात पिकत होतं.

तो थेट माझ्याकडे आला, छत्री दारात टाकून. "उत्तर चुकूक नाय. प्रश्न चुकलो. पाणी न्हेवक कित्याक व्हया? सूक्ष्मदर्शकच थंय न्हेवया."

तात्यांची समजूत पटली, पण गाऱ्हाणं पुन्हा घालावंच लागणार होतं. पाणी काठ सोडून जाणार नाही, भाई काठावरच बसून बघेल, चालेल का, असा प्रश्न ठरला. पाऊस कोसळत होता. पाकळी चिकटली आणि पडेचना. तात्यांनी गाऱ्हाणं पुन्हा म्हटलं. भाई खांबाला टेकून उभा होता, मिटलेल्या छत्रीचं पाणी त्याच्याच पायावर गळत होतं, त्याला भान नव्हतं. तिसऱ्यांदा "होय म्हाराजा" झालं आणि पाकळी उजवीकडे घसरली. तेव्हा कुठे भाईने छत्री पायावरून बाजूला घेतली. परतीच्या वाटेवर म्हणाला, "विश्वास नाय तो नायच. पण तिसऱ्यांदा मीय 'होय म्हाराजा' म्हटलंय, खरा सांगतंय."

मग अर्ज नव्याने टंकला. कामाची जागा म्हणून कॉलेजची प्रयोगशाळा खोडली, तळ्याचा काठ घातला, तिथे एक शेड आणि मदतनीस मागितला, तात्यांची संमती जोडली. प्राचार्यांनी तो वाचून चष्मा काढला. "म्हणजे यंत्र येणार ते देवळात! विद्यापीठाचे लोक आले तर त्यांना मी रिकामं टेबल दाखवू?"

"त्यांना तळ्यावर नेऊ, सर."

सही व्हायला दोन दिवस गेले. अर्ज एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती कोल्हापूरला पाठवला, तिथून रजिस्टर झाला. पोच आली नाही. गणपती आले, गेले. भाई पोस्टात जात राहिला. दिवाळीनंतर उत्तर आलं. सूक्ष्मदर्शक मंजूर होता, मदतनीस आणि शेड नामंजूर. शेडच्या ऐवजी गावाने देवळाची उत्तरेकडची ओवरी दिली. विद्यापीठाची समिती आली तेव्हा तिला खरोखरच तिथवर चालवत नेलं. एका सदस्याचा बूट चिखलात रुतला. पदवीचा वर्ग त्या वर्षी मिळाला नाही, पुढच्या वर्षी मिळाला. पहिल्या तुकडीत मुली होत्या.

तार आल्यानंतरच्या आठवड्यात मी तिकडे गेलो. कॉलेजची नवी इमारत झाली आहे. भाईचा सूक्ष्मदर्शक तिथे काचेच्या कपाटात, त्याच्या नावाच्या पाटीखाली ठेवावा, असा ठराव झाला आहे. प्राचार्य तो न्यायला स्वतः आले होते. सुमतीवहिनी ओवरीच्या पायरीवर बसून होत्या. तात्या आता काठी टेकत चालतात. त्यांनी ना म्हटलं नाही. "इचारूया आईक," म्हणाले. गुरवाने पाकळ्या आणल्या. तात्यांनी प्राचार्यांकडे बघितलं. "गाऱ्हाण्यात काय म्हणू? प्रश्न सांगा."

प्राचार्यांनी सुरुवात केली, थांबले, पुन्हा सुरुवात केली... मग ओवरीत बघत राहिले. तिथे तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वाकून काचेखालचं काही पाहत होती आणि वहीत काढत होती. तिने आमच्यापैकी कुणाचीच दखल घेतली नव्हती. "राहू दे," प्राचार्य म्हणाले आणि चपला घालून गाडीकडे गेले.

मी थोडा वेळ थांबलो. मुलीचं काम संपलं. तिने यंत्रावर फडकं घातलं, बशीत उरलेलं पाणी घेऊन ती पायऱ्या उतरली आणि ते तळ्यात ओतलं. पाणी काठ सोडणार नाही एवढंच गाऱ्हाण्यात होतं, परत तळ्यात ओतायची अट कधीच नव्हती. असं का करतेस, म्हणून मी विचारलं.

"सर असांच करीत," ती म्हणाली, आणि रिकामी बशी पदराला पुसत वर गेली.