एका खोलीचा हिवाळा

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. घरात ती कुणाची सून, कुणाची बायको आणि कुणाची आई होती, पण अख्ख्या इमारतीत तिला बूचबाई म्हणत. हे नाव तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने ठेवलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. थंडीची चाहूल लागली की ही बाई घरातल्या फटी शोधत फिरायची. शिवणाचा लांब दोरा चिमटीत धरून खिडकीच्या कडेकडेने हळूहळू न्यायची, आणि जिथे दोरा थरथरला तिथे खडूने खूण करायची. मग त्या खुणेवर चिंध्या, विटके मोजे, भिजवलेला कागद, हाताला येईल ते ठासून भरायची. इस्त्रीवाल्याने एकदा विचारलं होतं, की ताई, कुलपाच्या भोकातसुद्धा बोळा घातलात का? घातला होता. किल्ली लावण्याआधी तो काढावा लागे आणि दरवेळी नवरा करवादायचा.

चेष्टा करणाऱ्यांच्या घरी दोन-दोन शेगड्या होत्या, त्यांचं काय जातंय बोलायला. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि हिच्याकडे तर जळायलाच पुरेसं नव्हतं. खोल्या तीन आणि धुराड्याची लोखंडी शेगडी एकच, तीही स्वयंपाकघरात. नवरा लाकडाच्या वखारीत कामाला. तिथून फुकट मिळणाऱ्या ढलप्यांवर आजवरचे हिवाळे कसेबसे निघाले. यंदा वखारीतलं काम आटलं. मालकाने त्याला अर्ध्या दिवसावर आणलं आणि ढलप्याही विकायला काढल्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण यंदा अंथरूण असं आखूड झालं की पाय पोटाशी घेण्यावाचून इलाज नव्हता.

तेव्हा तिने ठरवलं, की दोन खोल्या सरळ बंद करायच्या आणि थंडी सरेपर्यंत सगळ्यांनी स्वयंपाकघरात राहायचं. कुठे कोण झोपेल, भांडी कुठे जातील, ओले कपडे कुठे वाळतील, सगळं तिने डोक्यात मांडून ठेवलं. शेगडीजवळची सगळ्यात उबदार जागा सासऱ्यांची. म्हाताऱ्या माणसाला जरा आडोसा हवा म्हणून त्या जागेपुढे पडदा. दुकानात दरवर्षी कापडाच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तकं बाद व्हायची. मालकाने ती तिला दिली, पण अशा थाटात, की जणू जमीनच नावावर करून देतोय. वीतभर लांबीचे ते तुकडे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात भोक. तिने मखमलीला जाडंभरडं जोडलं, फुलांना पट्टे जोडले, आतून अस्तर लावलं. इतका भारी पडदा त्या इमारतीत कुणाकडे नव्हता आणि इतका विद्रूपही नव्हता.

सगळी तयारी झाली आणि सासरे म्हणाले, मी येणार नाही.

सासऱ्यांची हयात रुग्णालयाच्या बॉयलरवर गेली होती. माणूस शांत, पण एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाही. त्यांची खोली मागची, उन्हाचं तोंड न पाहिलेली. तिथे दोन खाटा होत्या, एक त्यांची आणि एक सासूबाईंची. सासूबाई जाऊन दोन हिवाळे झाले होते, तरी त्या खाटेवरची चादर बदलली जात होती. गेल्या थंडीत याच खोलीत सासऱ्यांची छाती भरली. डॉक्टरांनी तेव्हाच नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आणखी एक हिवाळा असा गारठ्यात काढला तर यांचं काही खरं नाही. हे तिला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं आणि खुद्द म्हातारबाबांनाही माहीत होतं.

नवऱ्याने आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग रुसून बसला. त्यांची मुलगी टिल्ली आजोबांना हाताला धरून ओढायला गेली, तर त्यांनी तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली आणि तसंच परत पाठवलं. शेजारणींनी तोवर उचलली जीभ लावली टाळ्याला. सासऱ्याला गारठ्यात ठेवून स्वतः शेगडीपाशी झोपणार म्हणे! हे तिच्या कानावर आलं आणि तिला फार लागलं. त्याहून जास्त लागत होता एक आपलाच शब्द. थंडीच्या सुरुवातीला हिशेबाच्या वैतागात ती बोलून गेली होती, की मागच्या खोलीत वेगळी शेगडी आपल्याला परवडणार नाही, बाबा. ते नुसतं बरं म्हणाले होते. आता तिची खात्री होती की त्यांनी तोच शब्द धरून ठेवलाय. रात्रंदिवस तिच्या मनात तेच घोळत होतं. माणूस गेला तर तो आपल्या एका वाक्यापायी जाईल, असं तिला वाटायला लागलं.

बरं, येत नसतील तर नसोत, पण खोली तरी जमेल तेवढी बंद करू, म्हणून एका दुपारी ती मागच्या खोलीच्या दारापाशी गेली. दाराखालून वारं येत होतं. तिथे लावायला भुसा भरलेली कापडी नळी शिवायची तर फटीचं माप हवं. म्हणून ती दोरा घेऊन सरळ फरशीवर पालथी झाली, गाल जमिनीला टेकवून. फटीतून तिला सासऱ्यांचे पाय दिसले, दोन जोड मोजे घातलेले. आणि बोलणं ऐकू आलं.

आत दुसरं कुणी नव्हतं. म्हातारबाबा रिकाम्या खाटेशी बोलत होते.

"तू उगाच काळजी करतेस बघ. तिन्ही खोल्यांत शेगड्या लावल्यात यंदा. मी तर नुसत्या बनियनवर बसलोय, इतकं उकडतंय." बोलताना त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते. "आपला मुलगा मुकादम झाला वखारीत. लाकडाची काय ददात आता! आणि सूनबाईचे हात बघशील तर ओळखणार नाहीस. थंडीत कसे फुटायचे, आठवतंय? रक्त यायचं, तू मलम लावून द्यायचीस. आता अगदी मऊ झालेत. कामच पडत नाही तिला."

तिचे हात तिच्या डोळ्यांसमोर फरशीवर होते. खडूने माखलेले, बोटांच्या पेरांवर चिरा पडलेले. मापाचं ती विसरली. उठायचंही तिला सुचलं नाही.

तिला सासूबाईंचं शेवटचं दुखणं आठवलं. त्या आयुष्यभर थंडीला भ्यायल्या. पावसाळ्यातच विचारायला लागायच्या, लाकडं आली का, लाकडं भरली का. शेवटी शेवटी तर शुद्ध हरपत होती, पण जरा डोळे उघडले की पहिला प्रश्न हाच. तेव्हा घरात दोन दिवसांपुरतंही जळण नव्हतं. सासरे म्हणायचे, आली, भरपूर आली. ते जे खोटं त्या वेळी सुरू झालं, ते या माणसाने अजून थांबवलं नव्हतं. रोज दुपारी बायकोला घर उबदार असल्याचं सांगायचं, आणि चार माणसांच्या खोलीत राहायला गेलं तर ते कसं सांगणार? कुणी हसलं असतं, कुणी खरं बोलून गेलं असतं. बाबा तिच्या शब्दावर रुसलेच नव्हते. इतके दिवस ती नको त्या फटीत बोळे कोंबत बसली होती. तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी टिल्ली शाळेत आणि नवरा वखारीत असताना ती मागच्या खोलीत गेली. सासऱ्यांना वाटलं, पुन्हा समजावायला आली, आणि त्यांनी तोंड फिरवलं. ती त्यांच्याकडे गेलीच नाही. रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी बसली आणि पदराने हात झाकून घेतले.

"आई, आता तुम्हीच सांगा बाबांना," ती खाटेकडे बघून म्हणाली. "तिन्ही खोल्यांत शेगड्या पेटवून पेटवून आम्हाला कंटाळा आलाय. तीन ठिकाणी राख काढायची म्हणजे काय कमी काम आहे? यंदा म्हटलं, एकाच खोलीत सगळे मिळून राहू. टिल्लीला आजोबांजवळ झोपायचंय. पण हे म्हणतात, येत नाही. तुमच्याशिवाय यायचे नाहीत, मला ठाऊक आहे. म्हणून तुमचीही खाट नेते. तुम्ही चला, म्हणजे हे येतील."

म्हातारबाबांनी टोपी काढली, उगीच झटकली, परत घातली.

"तू ऐकलंस," ते शेवटी म्हणाले. हे खाटेला नव्हतं, तिला होतं.

"हो, बाबा. काल."

"मी खोटं बोलतो तिच्याशी. रोज."

"आई लाकडांचं विचारायच्या तेव्हा तुम्ही घरात नसलात की मी उत्तर द्यायची," ती म्हणाली. "मीही आली म्हणूनच सांगायची."

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. म्हातारबाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही. मग हात लांब करून त्यांनी सासूबाईंच्या चादरीची सुरकुती सारखी केली.

"चला मग," ते म्हणाले, "सूनबाई एवढं म्हणते आहे तर."

आता खरी पंचाईत पुढे होती. स्वयंपाकघरात एका खाटेची जागा तिने मोठ्या मुश्किलीने काढली होती, आता दुसरीही घ्यायची होती. नवरा जेवायला आला तेव्हा जेवणाचं टेबल जिन्याखाली गेलेलं आणि बायको खाटेचे पाय मोजत बसलेली. या घरात माणसांना पाय ठेवायला जागा नाही आणि तू रिकामी खाट आणतेस, असं म्हणून त्याने कपाळावर हात मारला. तेव्हा तिने त्याला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. मुकादम झाल्याचंही सांगितलं. तो कठड्याला धरून खाली रस्त्याकडे बघत राहिला.

"खाट आणतो," तो म्हणाला. "पण ते बाकीचं मला नाही जमायचं. आईशी जिवंतपणी कधी खोटं बोललो नाही, आता कसं बोलू?"

तिने आग्रह केला नाही. जमत नसेल तर गप्प राहा, पण हसू नका आणि खरं बोलू नका, एवढंच मागितलं.

खाटा आल्या. त्या भरजरी भिकार पडद्यामागे दोन्ही शेजारी-शेजारी लागल्या, आणि आजीच्या खाटेवर झोपायची परवानगी टिल्लीने आजोबांकडून पहिल्याच दिवशी मिळवली. आजीला चालेल का, असं तिने विचारलं. आजोबांनी खाटेकडे बघून विचारल्यासारखं केलं आणि चालेल म्हणून सांगितलं. टिल्लीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पोरांना असल्या गोष्टी मोठ्यांआधी कळतात. ती स्वतःच आजीला शाळेतल्या कागाळ्या सांगायला लागली. मग बूचबाईही भाजी चिरता चिरता मध्येच म्हणायची, आई, बाबांना सांगा, औषध घ्या म्हणावं, माझं ऐकत नाहीत. पडद्यामागून उत्तर यायचं, अगं, तिला म्हणावं घेतो, एवढी मागे लागू नकोस. सासूबाई जिवंत असताना या घरात इतकं बोलणं कधी झालं नव्हतं. म्हातारबाबांचा खोकला होता, पण छातीत उतरला नाही. एक नवराच तेवढा या बोलण्यात नसायचा. पडद्यामागून आवाज सुरू झाला की तो काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा, आणि म्हातारबाबांच्या ते लक्षात यायचं. तो बाहेर गेला की त्यांचा आवाजही खाली यायचा.

थंडी ऐन भरात असताना एका संध्याकाळी तो फार उशिरा घरी आला. वखारीत अर्धा दिवस भरून झाल्यावर तो बाजारात ओझी उचलायला जायला लागला होता आणि हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. खांद्यावर लाकडांची मोळी होती, विकत घेतलेली. ती शेगडीशेजारी टाकून तो तिथेच खाली बसला आणि बूट काढायचंही त्राण नसल्यासारखा भिंतीला टेकला. तिने पाणी दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं.

पडद्यामागे म्हातारबाबा हलक्या आवाजात म्हणाले, "आला गं मुलगा. आज दमलाय फार."

पुढचं त्यांनी गिळलं. मुलगा ऐकतोय म्हणून मुकादम हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. तिला वाटलं, आता हा उठून बाहेर जाणार.

तो उठला. पण दाराकडे न जाता पडद्यापाशी गेला, तो बाजूला सारून आईच्या खाटेच्या कडेला बसला, टिल्लीच्या पायांशी. घसा दोनदा साफ केला.

"उशीर झाला, आई," तो म्हणाला. "मुकादमाला शेवटी निघावं लागतं. सगळ्यांची कामं बघून."

म्हातारबाबांनी हात पुढे केला आणि मुलाचा सोलवटलेला खांदा चाचपत राहिले.

"लाकडं आली का?" त्यांनी विचारलं.

"आली, बाबा," तो म्हणाला. "भरपूर आली."