पिठावरची रेघ

बायको फाल्गुनात तापानं गेली. आमच्याकडं माणूस गेलं की त्यानं जीव सोडला ती जागा शेणानं सारवतात, वर तांदळाचं पीठ पसरतात आणि टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात ज्याचे पाय उमटले, तो त्याचा पुढला जन्म.

सकाळी मोठ्या वहिनीनं टोपली उचलली आणि वाकून पाहिलं. पाय नव्हते. एक वाकडी रेघ होती, कोणी सरपटत गेल्यासारखी.

"गांडूळ झाली, भाऊजी," वहिनी बोलली. "जिंदगीभर चिखलात राबवलं तिले. आताबी चिखलातच."

अशी बाई, आणि गांडूळ? काऊन?

रेघेच्या टोकाला एक किडा दिसला. तपकिरी, केसाळ, दोन काळे पाय गुडघ्यात मोडल्यासारखे. नखानं दाबला तर गवताचा दाणा. जन्मभर धानाच्या बांधीतलं गवत उपटलं मी, पण हे ओळखू येईना. कुसळ म्हणावं तर कुसळ बारीक, हा धानासारखा जाड. पण टोपली तिची होती. रेल्वेच्या लाइनीकडून ती त्या टोपलीतच चारा आणायची. तसाच उठून तिकडं गेलो.

लढाईचे दिवस होते; तिथं फौजेच्या घोड्यांचे डबे थांबत, घोडे सांभाळणारे साईस लोक उरलेला चारा खाली फेकत. त्या जागी कमरेएवढं गवत वाळून उभं होतं, दाणे खाली लोंबत होते. तेच दाणे. एक साईस घोड्याला पाणी पाजून राहिला होता. त्याला दाणा दाखवला.

"जंगली जई है, बाबा. हमारे उधर गेहूँ में घुस जाती है."

घोड्यांना घालतात त्या जईची ही रानटी जात, दरसाल वाळते, बी झाडून मरते, हिवाळ्यात त्या बियांतून नवी उगवते, असं त्यानं सांगितलं. मग दाण्यावर थुंकला आणि माझ्या तळहातावर ठेवला. दाण्याचे पाय वळले, टेकले आणि तो चालू लागला. मी हात झटकला. कुसळ ओलं झालं की वळतं हे ठाऊक होतं, पण असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

ओलं सारवण, टोपलीतून पडलेला वाळका दाणा; रेघ त्यानंच ओढली होती. घरी येऊन वहिनीला करून दाखवलं. ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग पिठात तिचं काईच नव्हतं?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी लाइनीकडून येईपर्यंत पीठ तर तळ्यात सोडून झालं होतं, पुन्हा पाहायची सोय नव्हती.

गांडूळ असती तर आमच्याच बांधीत राहिली असती. तिला फाळ लागू नये म्हणून मी खाली पाहून नांगर धरला असता.