नव्या तांदळाची मूठ

खंडाळ्याच्या त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा मीच बसवला. तोच माझा धंदा. आई तिथे कित्येक वर्षं स्वयंपाक आणि झाडलोट करते. मालक मुंबईत असतात. मी वर चढलो तेव्हा स्टूल तिनेच धरलं होतं. ज्याच्या मनात काही नाही त्याला कसली भीती, असं मी तिला ऐटीत सांगितलं. हे मी सगळ्याच बंगल्यांवरच्या कामवाल्यांना ऐकवायचो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्या वाडीत नवा तांदूळ आला की कुणी तोंडात घालायच्या आधी एक मूठ डोंगरावरच्या देवाला जाते. ज्याचा तांदूळ, त्याच्या नावाने. ती मागून घ्यायची नसते. मागितली की भीक झाली, देवाची राहिली नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर मालकांच्या मावळातल्या शेतातला इंद्रायणी बंगल्यावर आला. आईने पोतं सोडलं, हात जोडले आणि एक मूठ पदराला बांधली.

लगेच कॅमेऱ्यातून मालकांचा आवाज आला, "मावशी, पदरात काय बांधलंत?"

मी तिला न्यायला आलो होतो, दारापाशी उभा होतो. आई इतकी दचकली की तिला गाठच सुटेना.

"तुमच्याच नावानं देवाला न्ह्यायचीय, सायेब," ती कॅमेऱ्याकडे मान वर करून म्हणाली.

मी आत जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. पण कॅमेऱ्यात कुठवर दिसतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याच्या अलीकडे थांबलो. मालकांच्या ओळखीने आणखी बंगल्यांची कामं मिळणार होती.

मालक रागावले नाहीत. हसले. असू द्या मावशी, फक्त विचारून घेत जा, म्हणाले. त्यांच्या त्या मोठेपणाची मला अजून चीड येते. आईने मूठ पोत्यात परत टाकली.

तेव्हापासून ती निराळीच बाई झाली. कपाट उघडलं की काय काढतेय, काय ठेवतेय ते मोठ्याने बोलते. उरलेला चहा पीत नाही, ओतून देते, तोही नीट दिसेल असा. भांडी घासताना काहीबाही गुणगुणायची, ते बंद झालं. मालक तो कॅमेरा आता उघडून बघतात की नाही, देव जाणे. ती मात्र रोज झडती देते.

परवा मी म्हणालो, गुडघे दुखतात, माझं बरं चाललंय, दे सोडून ते काम. तिने हातातलं निवडणं थांबवलं. त्या दिवशी मी दारात होतो हे तिने पाहिलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तवाच तू आत येऊन बोलला असतास, तर सोडलं असतं," ती म्हणाली. "आता सोडलं तर म्हंतील, चोरलीच व्हती."